फॉरेनला गेलेलं तोंड

“हे तोंड बघ. बाईने पार वाट लावून घेतली आहे.”

वाक्य माझ्यासाठी नव्हतं. ऑफिसात प्रेझेंटेशन तयार करणारा आमचा सहकारी ते शेजारी उभ्या असलेल्या डेंटिस्ट मॅडमना म्हणाला. मी चहा घेऊन माझ्या खुर्चीकडे निघाले होते, आणि त्याचा स्क्रीन वाटेतच होता. स्क्रीनभर एका बाईचं उघडलेलं तोंड होतं. कुणीतरी हातमोजा घातलेल्या बोटाने गाल बाहेर ओढून धरला होता. आतली कातडी तपकिरी आणि दातांच्या मुळांशी काळपट. नाकाच्या वरचं सगळं कापून टाकलेलं होतं, पण खाली हनुवटी राहिली होती आणि हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके होते. त्यातला मधला जरा खाली घसरलेला.

“क्लासिक खर्रा केस,” तो म्हणाला. “पाहुण्यांना पहिली हीच दाखवू.”

“जेवायच्या आधी नको रे बाबा,” मॅडम म्हणाल्या आणि दोघं हसले. मग त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं. “अगं, तोंड काय वाकडं करतेस? नाव नाही, गाव नाही, नुसता नंबर आहे. अनॉनिमस.”

मी म्हटलं, “तो नंबर दे ना, मला एक क्रॉसचेक करायचंय.”

त्याने नंबर सांगितला आणि मी तो हातावर लिहून घेतला. जागेवर बसले तेव्हा चहावर साय आली होती. ती हनुवटी माझ्या मोठ्या आईची होती. मी सात-आठ दिवसांपासून तिचे फोटो शोधत होते. ते सापडले म्हणून आनंद व्हायला हवा होता, आणि थोडा झालाही. पण त्याच्यावर दुसरंच काहीतरी पसरत गेलं. मी तिथे उभी असताना ते दोघं तिला हसले होते, आणि मी नुसता नंबर मागितला होता.

मोठी आई म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको. तळेगावला आमचं घर एकच आहे, चुली दोन. मोठे बाबा आणि ती वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवतात, आणि बाजाराच्या दिवशी ती स्वतः माल घेऊन बसते. माझ्या बाबांचं बी-बियाण्याचं दुकान आहे. दुकानामुळे मला आर्वीच्या इंग्लिश मिडियम शाळेत घालणं त्यांना परवडलं. त्यानंतर घरातले सगळेच माझ्याशी जरा जपून, पुस्तकी मराठीत बोलायला लागले, जणू घरात पाहुणी आली आहे. मोठी आई तेवढी बदलली नाही. “तू बोल तुह्या इंग्रजीत. मी बोलतो माह्या बोलीत. भाजीले दोन्हीत मीठच लागते,” असं ती म्हणायची.

मी ज्या संस्थेत काम करते ती खेड्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरची तपासणी शिबिरं घेते. खर्रा आमच्याकडे बापे खातात तसा बायाही खातात. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटायचा आणि गालात धरायचा. वावरात निंदायला वाकलेली बाई दिवसभर तो चघळत राहते, भूकही मरते आणि गप्पांनाही बरं. शिबिरात आम्ही प्रत्येकाच्या तोंडाचे चार फोटो काढायचो. डावा गाल, उजवा गाल, जीभ आणि टाळू. फोटो संस्थेच्या अ‍ॅपमधून काढायचे, ते लगेच वर जायचे आणि फोनमधून पुसले जायचे. प्रशिक्षणात सांगितलं होतं, हे लोकांच्या खाजगीपणासाठी आहे. मला ते फार आवडलं होतं. आपल्या माणसांच्या तोंडाचे फोटो कुणाच्या मोबाईलमध्ये पडून राहणार नाहीत, यात मला त्यांचा मान दिसला होता.

मागच्या वर्षी रोहण्याला शिबिर होतं. रोहणं मोठ्या आईचं माहेर. ती तेव्हा भावाकडे आलेली होती, आणि पुतणी फोटो काढते आहे म्हटल्यावर चार बाया गोळा करून आली. नावं लिहायचं टेबल दारात होतं आणि मी आतल्या खोलीत दिव्याखाली.

“एवढं तोंड तं मी भांडतानाही नाई उघडत,” खुर्चीवर बसता बसता ती म्हणाली.

“खोटं नको बोलू व,” मागून एक जण ओरडली. “भांडतानी याच्यापेक्षा मोठं उघडते.”

मी गाल ओढला तेव्हा ती डोळे मिटून बसली. संपल्यावर पदराने तोंड पुसत विचारलं, “आता हे फोटो कुठी जातीन?”

“सर्व्हरवर.”

“म्हंजे?”

मला सोपं करून सांगता आलं नाही. त्याच महिन्यात आमच्या संस्थेला नवे देणगीदार मिळाले होते आणि सगळा डेटा मुंबईच्या सर्व्हरवरून आयर्लंडला हलवला होता, त्याची एक प्रत जर्मनीत. त्या बैठकीचं टिपण मीच टाइप केलं होतं. तिकडचे कायदे जास्त कडक आहेत, आपल्याकडचा कायदा अजून नवा आहे, म्हणून तिकडेच सुरक्षित, असं त्यात होतं. ज्यांची तोंडं होती त्यांना विचारायचं का, हा मुद्दा टिपणात नव्हता, कारण तो बैठकीतही नव्हता.

“परदेशात जातात,” मी म्हटलं.

“अव्व माय!” तिने बाहेरच्या बायांना हाक मारून सांगितलं, “ऐका व! माही दाढ फॉरेनले चालली. मी नाई गेली कधी नागपूरच्या पुढं!”

तेव्हापासून तो तिचा विनोद झाला. बाजारात कुणी भाव पाडून मागितला की म्हणायची, “फॉरेनवालीच्या हातची वांगी हायेत, कमी नाई होत.”

या वर्षी तिला उजव्या गालाच्या आत खरखरीत लागायला लागलं. तिखट झोंबायचं. जी बाई ठेच्याशिवाय भाकर खात नसे, ती भाकर दुधात कुस्करून खायला लागली, आणि विचारलं की म्हणायची, दात घासताना लागलं असन. शेवटी आई आणि मी तिला सावंगीच्या दवाखान्यात घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टर वयाने तरुण होत्या, घाई न करता बोलणाऱ्या. त्यांनी आरशात तिला दाखवलं. गालाच्या आत पांढरा चट्टा होता, एका कडेला लालसर.

“याचा छोटासा तुकडा काढून तपासावा लागेल, मावशी.”

“कापान?”

“अगदी बारीक.”

“नाई.” तिने तोंड मिटलं. “हे जुनंच हाय. दोन-तीन वर्षं झाले असतीन. कोण मेलं याच्यानं?”

डॉक्टरांनी समजावलं, आईने समजावलं. मीही इंग्रजी शब्द मराठीत बसवत काहीतरी बोलले. तिच्या माहेरी एका बाईच्या गालाला कापलं होतं आणि ती नंतर बोलायची राहिली, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. आमच्या शब्दांचं वजन त्यापुढे किती असणार. आमच्या बाजूने दाखवण्यासारखं काहीच नव्हतं.

“मावशी, जुनंच आहे आणि तेवढंच आहे असं तुम्ही म्हणता,” डॉक्टर म्हणाल्या. “वाढलेलं असलं तर?”

“वाढलं असन तं कापजा.” मग ती माझ्याकडे वळली. “अन् फोटो हाय ना हिच्यापाशी! तुनंच तं काढला होता मागच्या वर्षी. दाखव. दोन्ही संग पाहू. मोठं झालं असन तं मी गप बसतो, कापा. नाईतं हात लावू नका.”

डॉक्टरांचा चेहरा उजळला. “जुना फोटो आहे? अरे, मग तर प्रश्नच मिटला. नक्की आणा. मलाही हवा आहे. पण उशीर करू नका हं.”

मी म्हटलं, उद्याच आणते.

ऑफिसात मी तिचं नाव टाकलं. सापडलं नाही. मोठ्या बाबांचं नाव टाकलं, तळेगाव टाकलं, घरातले सगळे मोबाईल नंबर टाकले. काही नाही. आमच्या स्क्रीनवर नाव, गाव आणि नंबर दिसतात, फोटो दिसत नाहीत. फोटो उघडण्याचा अधिकार देणगीदारांच्या आयर्लंडमधल्या ऑफिसकडे. म्हणून मी रोज थोडी थोडी रोहण्याच्या शिबिराची लांबलचक यादी चाळत होते आणि घरी फोन करून ‘आज सर्व्हर स्लो होता’ असं सांगत होते. आणि मग ती हनुवटी दिसली, कारण प्रेझेंटेशनसाठी तिकडूनच काही नमुन्याचे फोटो मंजूर होऊन आले होते.

हातावरचा नंबर टाकल्यावर जी नोंद उघडली त्यातलं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. गाव रोहणं, मोबाईल तिच्या भावाचा. आमच्याकडे जुन्या बायांचं लग्नात नावही बदलायचे. शिबिराच्या टेबलावर नाव विचारल्यावर भोवतीच्या माहेरच्या बायांनी तिचं लहानपणीचं नाव सांगितलं असणार, आणि किती वर्षांनी कुणी त्या नावाने विचारतंय म्हणून तीही हो म्हणाली असणार. आधारवर सासरचं नाव, तळेगावचा पत्ता. एकाच घरात वाढून मला तिचं हे नाव ठाऊक नव्हतं, आणि आयर्लंडला ते ठाऊक होतं.

स्लाइडचा फोटो मी दुपारी कुणी नसताना मोबाईलवर काढून घेतला आणि शनिवारी गावी गेले. ती ओसरीत पालकाच्या जुड्या बांधत होती. मोबाईल हातात घेऊन तिने लांब धरला, मग जवळ आणला.

“हे माहं तोंड होय?”

“हो.”

“किती घान दिसते व.” मग स्क्रीनवर बोट ठेवून, “पण हे ह्या बाजूचं हाय. मले तं ह्या बाजूनं होते.” तिने उजव्या गालावर बोट ठेवलं. बरोबर होतं. स्लाइडवर डावा गाल होता. बाकीचे तीन फोटो तिकडेच होते.

“तो पण मागवते.”

“हे कोणं कोणं पाह्यलं?”

“डॉक्टरांनीच फक्त.”

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मोबाईल परत दिला आणि पदर हनुवटीपर्यंत ओढून जुड्या बांधत राहिली. माझ्याशी बोलताना ती कधी तोंडावर पदर घेत नसे.

सोमवारी मी तिकडच्या ऑफिसला रीतसर विनंती पाठवली. ‘लाभार्थी’ पुढील उपचारासाठी स्वतःचे फोटो मागत आहे, एवढंच लिहिलं. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, फार सभ्य. डेटाचं काम पाहणाऱ्या तिकडच्या अधिकारी बाईंनी लिहिलं होतं की स्वतःच्या फोटोंवर त्या व्यक्तीचा पूर्ण हक्क आहे आणि तो हक्क त्या गांभीर्याने घेतात. फक्त ओळख पटायला हवी. मी आधारची प्रत पाठवली. उत्तर आलं, नोंदीतलं नाव वेगळं, गाव वेगळं, मोबाईल वेगळा. अशा स्थितीत एका व्यक्तीच्या तोंडाचे फोटो दुसऱ्या व्यक्तीला देणं हा गंभीर भंग ठरेल. मात्र त्या व्यक्तीला प्रत्यक्ष ओळखणाऱ्या कुणी, आपलं नातं नमूद करून, प्रकल्पप्रमुखांसमोर खात्री दिली तर विचार करता येईल.

मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात चूक काढायला गेले तर सापडत नव्हती. त्या बाई मोठ्या आईचं संरक्षणच करत होत्या, मोठ्या आईपासून. इतक्या लांबून बघितलं तर रोहण्याची एक आणि तळेगावची एक अशा दोन बाया दिसणारच. लग्नात नाव बदलतं, माहेरी जुनंच चालतं, हे त्यांच्या कायद्याला कोण सांगणार? ते सांगणारं माणूस मध्ये हवं होतं, आणि ते माणूस वर्ध्याच्या ऑफिसात पगारावर बसलेलं होतं. नातं नमूद करायचं, प्रकल्पप्रमुखांसमोर. म्हणजे आमच्या सरांसमोर, आणि पत्रव्यवहारात नावं असलेल्या सगळ्यांसमोर. त्यात प्रेझेंटेशनवाला होता. डेंटिस्ट मॅडम होत्या.

ऑफिसात सगळ्यांना वाटतं मी वर्ध्याची, कुणा प्रोफेसरांची वगैरे मुलगी. माझ्या इंग्रजीमुळे वाटतं. मी कधी तसं म्हटलं नाही, पण नाही असंही म्हटलं नाही. बोलावंच लागत नाही, लाजाळू आहे म्हणून सगळे सोडून देतात. लाजाळूपणाचा हा उपयोग मला फार आधी कळला होता. त्या स्लाइडपाशी मी त्याच वेळी ‘ही माझी मोठी आई’ म्हणाले असते तर दोन मिनिटं अवघड गेली असती आणि संपलं असतं. आता म्हणायचं तर तेव्हा गप्प का होते हेही सांगावं लागणार होतं. रोज ते थोडं अजून जड व्हायचं. मी पत्राचं उत्तर लिहायला घ्यायची, ‘नातं’ या शब्दापाशी यायची आणि बंद करायची.

घरून फोन यायचे. आई म्हणायची, “अगं, तिला आता दूधही झोंबतं.” मी म्हणायचे, तिकडे सुट्या आहेत. मग फोन मोठी आई घ्यायची. “काऊन व, माह्याच तोंडाचा फोटो मले काऊन नाई देत ते? मी का त्यायचं वांगं घेऊन पयाली?”

“नियम आहेत, मोठी आई.”

“मंग तू सांग ना त्यायले. तुले येते ना त्यायची भाषा.”

वार्षिक आढाव्याच्या दिवशी देणगीदारांकडचे लोक स्क्रीनवरून जोडले जाणार होते. हॉलमध्ये खुर्च्या लागल्या होत्या, समोसे आले होते. मी दारात नावांच्या पट्ट्या लावत होते तेवढ्यात जिन्यावरून ती वर येताना दिसली. एसटीने आली होती. हातात पिशवी, ठेवणीतलं लुगडं, तोंडावर पदर. सोबत कुणी नाही. तिने पत्ता कुणाला विचारला असेल, एवढ्या मोठ्या वर्ध्यात ती एकटी कशी आली असेल, हे मनात यायच्या आधी माझ्या मनात आलं, आजच का.

“इथं तुही साहेबीण येणार हाय म्हणे फॉरेनची,” ती हळूच म्हणाली. “तुही आई सांगे. म्हटलं मीच तोंड दाखवतो तिले. पाह्यन अन् ओळखन.”

मी काही बोलायच्या आत प्रेझेंटेशनवाला हॉलमधून बाहेर आला. लॅपटॉपची वायर गळ्यात. त्याने तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. “या कोण?”

आणि मी म्हटलं, “शिबिरातल्या आहेत. लाभार्थी.”

तिने पदराआडून माझ्याकडे पाहिलं, फार थोडा वेळ. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती जणू मला मदत करायला पुढे सरकली. त्याच्याकडे वळून म्हणाली, “हो जी. शिबिरातली हाय मी.” मग मला, “मॅडम, पाणी भेटन का?”

मॅडम.

“बसा ना मावशी,” तो म्हणाला, अगदी चांगुलपणाने, आणि जिन्याजवळच्या बाकाकडे हात केला. मी तिला पाणी आणून दिलं. तिने ग्लास घेताना माझ्या बोटांना बोट लागू दिलं नाही. पाणी तोंडाच्या डाव्या बाजूने हळूहळू घेतलं आणि प्रत्येक घोटाला डोळे मिटले. “जा तुमी,” ती म्हणाली. “तुमचं काम असन. मी बसतो.”

मी आत गेले. खुर्चीत बसले. दार उघडंच होतं. माझ्या जागेवरून तिची पिशवी आणि एक चप्पल दिसत होती.

सभा सुरू झाली. सर बोलले, आकडे झाले. मग स्लाइड आली. हॉलच्या भिंतीवर, माणसाएवढी. कुणीतरी तोंडाने च्यक् केलं. मला एकच भीती वाटत होती, की ती बाकावरून उठून दारात येईल आणि भिंतीवर स्वतःला पाहील. स्लाइड गेली. चप्पल हलली नव्हती.

त्यानंतर तिकडच्या अधिकारी बाई स्क्रीनवर आल्या. मी कल्पना केली होती त्यापेक्षा वयस्क, चष्मा, मागे पुस्तकांचं कपाट. डेटा कुठल्या देशात आहे, कुणाला किती उघडता येतो, हे त्यांनी सोप्या इंग्रजीत सांगितलं. पूर्वी मला अशा बोलण्याचा अभिमान वाटायचा, आपण एका व्यवस्थित गोष्टीचा भाग आहोत असा. त्या म्हणाल्या, ही व्यवस्था नुसती कागदावर नाही, याचं ताजं उदाहरण तुमच्याच ऑफिसचं आहे. नुकतीच एका बाईंच्या फोटोंसाठी विनंती आली. ओळख जुळली नाही, आम्ही खात्री मागितली, आणि मग उत्तरच आलं नाही. म्हणजे मागणारी व्यक्ती बहुधा ती नव्हतीच. कुणाच्या तरी शरीराची माहिती चुकीच्या हातात जाण्यापासून वाचली.

सर हसून म्हणाले, “व्हेरी गुड.” दोन-तीन जणांनी टाळ्या वाजवल्या. प्रेझेंटेशनवाल्यानेही वाजवल्या, कारण सगळे वाजवत होते.

मी उत्तर दिलं नाही म्हणून मोठी आई आता दुसरीच कुणीतरी ठरली होती. आयर्लंडच्या नोंदीत ती ती नव्हती आणि जिन्याजवळच्या बाकावर ती माझी कुणी नव्हती. पहिली गोष्ट त्या बाईंनी केली असेल, नियमाने. दुसरी मी केली होती. आणि पहिली मिटवायला फक्त दुसरी मिटवावी लागणार होती.

“एनी क्वेश्चन्स?” सरांनी विचारलं, समोशांकडे बघत.

माझा हात वर गेला. सर दचकले. दोन वर्षांत मी कधी हात वर केला नव्हता. “यस, यस, प्लीज,” ते म्हणाले आणि माइक माझ्यापर्यंत हातोहात आला. शेवटचा हात प्रेझेंटेशनवाल्याचा होता. स्क्रीनवरच्या बाई मान पुढे करून वाट बघत होत्या. मग मी बोलले, आधी इंग्रजीत, त्यांच्यासाठी, आणि लगेच तेच मराठीत, मोठ्याने, उघड्या दाराकडे तोंड करून:

“ती बाई खरी आहे. ती माझी मोठी आई आहे, मी तिच्याच घरात वाढले. रोहण्याचं नाव तिचं आणि तळेगावचं नावही तिचंच. मघाशी तुम्ही भिंतीवर पाहिलंत ते तिचं तोंड आहे, आणि ती बाहेर बाकावर बसली आहे. मी तिला आत आणते. तिच्या उजव्या गालाचा फोटो तिला आज दाखवा.”